मोरूच्या अंगावरची सोनेरी पूड

सोमवार, रात्री उशिरा

मोरू, माझा निळा बेट्टा मासा, परवापासून मलूल आहे. फिन्स म्हणजे पर घट्ट मिटून कोपऱ्यात बसतो, कल्ले भराभर हलतात, दाणा तोंडात घेतो आणि टाकून देतो, मधेच एकदम उसळी मारून फिल्टरच्या पाइपला अंग घासतो. दुकानदाराला फोटो पाठवला तर लगेच उत्तर, फिन रॉट आहे, अँटिबायोटिक टाका. मला काही पटेना. फिन रॉटमधे शेपटीची कड झिजत जाते, ह्याची कड तर अगदी धड आहे. मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके नाहीत म्हणजे इक हा ठिपक्यांचा रोग नाही, आणि वरून बघितलं तर खवलेही फुललेले नाहीत, म्हणजे ड्रॉप्सी, अंगात पाणी भरून फुगण्याचा आजार, नाही, त्याचीच जास्त धास्ती होती.

मग सगळे दिवे बंद केले आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरला. दिसलं! डोक्याच्या मागे, कल्ल्यांजवळ, बारीक गंजट सोनेरी पूड, कुणी चाळणीतून हळद भुरभुरावी तशी. ट्यूबच्या उजेडात त्याच्या निळ्या रंगावर हे अजिबात कळत नव्हतं. वेल्वेट नावाचा रोग आहे हा. कारण, माशाच्या कातडीत रुतून बसणारा एकपेशीय परजीवी.

पुण्यातली ही थंडी बेट्टाला सोसत नाही, मूळचा थायलंडकडच्या उथळ कोमट पाण्यातला जीव तो, त्याला २५ ते २८ डिग्री लागतं आणि आज सकाळी थर्मामीटर २१ दाखवत होता, अंगातली ताकद कमी झाली की असले रोग डोकं वर काढतातच.

आता मोरू वेगळ्या टबमधे आहे. हीटर हळूहळू २८ वर नेतेय, एकदम नाही, त्याचाही धक्का बसतो. पाणी मुद्दाम कमी ठेवलंय, कारण बेट्टा वर येऊन हवा पण घेतो आणि आजारात तेवढं पोहायचेही कष्ट नकोत. टबवर जाड टॉवेल टाकलाय, श्वास घ्यायला फट ठेवून, कारण ह्या परजीवीत हरितद्रव्य असतं, उजेड तोडला की त्याचं बळ कमी होतं. औषध एकच, कॉपरवालं म्हणजे तांबं असलेलं, बाटलीवरच्या मापाने. तीन-चार औषधं एकत्र ओतायचा सल्ला बरेच जण देतात, मला तो क्रूरपणा वाटतो, एवढासा जीव, त्याच्या कल्ल्यांनी किती सोसायचं? मोठ्या टँकमधे गोगलगायी आहेत, त्यांना कॉपर म्हणजे विषच, म्हणून तिथे एक थेंबही नाही. तो टँक मासा नसताना गरम ठेवला की तळातून सुटलेली परजीवीची पिल्लावळ चिकटायला मासा न मिळून मरते.

आणि पूड दिसेनाशी झाली तरी औषध थांबवायचं नाहीये. अंगाला चिकटलेल्या परजीवीवर ते चालतच नाही, तो गळून पडून, वाढून, नवी पोहणारी पिढी बाहेर पडते तिच्यावरच चालतं. आई विचारत होती, "अगं, वाचेल ना तो?" अजून वर येऊन हवा घेतोय, टॉर्च दिसला की वळून बघतोय, मला तरी वाटतंय वाचेल. उद्या थोडं पाणी बदलायचं, तेवढ्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं, आणि बदललेल्या पाण्यापुरतंच औषध परत घालायचं.