अडतीस सेकंदांचं एक मिनिट

रविवार. रात्रीचे पावणेबारा होऊन गेले.

व्हिडिओ सात वेळा बघून झाला. आठव्यांदा बघायचा नाही असं ठरवून वही उघडली आहे.

त्यात बघण्यासारखं तसं काहीच नाही. चिखलाचं मैदान, दोन रांगांत माना खाली घालून उभी असलेली माणसं, मागे बॅनरचा एक कोपरा. एक कावळा ओरडतो. लांबून लोकल जाते. कुणाच्या तरी बगलेतून बॉल निसटतो, ओल्या जमिनीवर थप्प, थप्प करतो आणि तिथेच बसतो. एक पोरगी "आई, शू" म्हणते, आई तिला दटावते. मग शिट्टी. लगेच सगळे खोकतात, जसं काही खोकायलाच थांबले होते.

व्हिडिओ एकेचाळीस सेकंदांचा आहे. सुरुवातीची शिट्टी तिसऱ्या सेकंदाला ऐकू येते. वजाबाकी केली. अडतीस.

आज दाजींच्या आठवणीतल्या मॅचला एक मिनिट शांतता पाळायची होती. बावीस सेकंद कुठे गेली?

दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे माझ्या लक्षातही आलं नसतं. शाळेत, ऑफिसात, सोसायटीत आजवर इतक्या वेळा उभा राहिलो, कधी घड्याळाकडे बघितलं नाही. आजही बघितलं नव्हतं. भाचीनं सांगितलं, मामा, हे शूट कर, दुबईवाल्यांना पाठवायचंय. म्हणून फोन हातात. पण माणूस कोण होता? ज्यानं आयुष्यभर प्रत्येक रेफ्रीला सेकंदासेकंदाचा हिशेब मागितला तो. त्याच्याच मिनिटातून बावीस सेकंद मारली आणि अख्ख्या मैदानात एकाच्या तोंडून शब्द निघाला नाही. माझ्याही नाही.

दाजींचं ते घड्याळ. सेलवरचं, काळ्या तबकडीचं, सहाच्या आकड्यापाशी काचेला चरा. मॅच सुरू झाली की उजव्या हाताची दोन बोटं चावीवर. बॉल बाहेर गेला, चावी ओढली, काटा थांबला. थ्रो पडला, चावी दाबली, काटा चालू. कुणी पाय धरून लोळायला लागला की चावी ओढून ते आरामात चणे खायचे. ताईशी लग्न झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात मला कूपरेजच्या मैदानावर घेऊन गेले तेव्हा मी सहावीत होतो. एल्फिन्स्टनहून गाडी, चर्चगेटला उतरून ओव्हलच्या कडेनं चालत. फुटबॉलचा रोव्हर्स कप होता. ही स्पर्धा १८९१ सालापासूनची आहे, तुझ्या आज्याच्या आधीपासूनची, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मला त्या मॅचमधला एकही गोल आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की शेवटची शिट्टी झाल्यावर सगळे उठले आणि दाजी बसून राहिले. घड्याळ माझ्यापुढे धरून म्हणाले, "बघ मेव्हण्या, चोरी बघ." नव्वद मिनिटांच्या खेळात बॉल खरा खेळात असतो तो जेमतेम तासभर, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी वाचनात आलं. दाजींच्या मनगटावर ते दर मॅचला लिहिलेलं असायचं.

त्यामुळे मॅच संपली की ते घड्याळ जगाच्या मागे असायचं. अर्धा तास, कधी पाऊण. हाफ टाइमला चावी दाबायची राहिली तर विचारूच नका. परतीच्या गाडीतसुद्धा ते लावून घ्यायचे नाहीत. ताई दारात उभी, आणि हे तिला मनगट दाखवून म्हणणार, "अजून साडेसातच झालेत की."

आणि ते ओरडणं. "ओ रेफ्री, टायम बघा, टायम!" आपल्या परळचा खास आवाज, गिरणीच्या भोंग्याला पोसलेला. महिंद्राची, म्हणजे आपल्या मुंबईच्या महिंद्रा युनायटेडची मॅच असली की लाल टी-शर्ट. ईस्ट बंगाल किंवा मोहन बागान आले की गॅलरीतल्या बंगाली मंडळींशी हिंदीत भांडण आणि हाफ टाइमला त्यांच्याच पैशांनी चहा. २००५-०६मध्ये महिंद्रानं राष्ट्रीय लीग जिंकली तेव्हा ताईनं केलेल्या पुरणपोळ्या त्यांनी परस्पर वाटून टाकल्या. होळी नव्हती, काही नव्हतं, केल्या होत्या बिचारीनं अशाच. २०१०मध्ये टीमच बंद झाली. रोव्हर्स तर त्याच्या कितीतरी आधी, २०००-०१नंतर गेला. त्या दोन्ही वेळी दाजी काय बोलले ते मी इथे लिहू शकत नाही. ताई कधीतरी ही वही वाचते.

तर आज.

बॅनरवर छापलं होतं, "ज्येष्ठ फुटबॉलपटू". मनुष्यानं जन्मात कधी बॉलला पाय लावला नाही. तळवे सपाट, दहा पावलं धावले की पोटऱ्या धरायच्या. प्रिंटरवाल्याला भाचीनं "फुटबॉलप्रेमी" लिहून पाठवलं होतं म्हणे, त्यानं परस्पर बढती दिली. प्रमुख पाहुणे आले, त्यांनी बॅनर वाचलं आणि भाषणात दाजींना सेंटर फॉरवर्ड करून टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पेटीपाशी होतो. देणगीची पेटी, पावतीपुस्तक, बॉलपेन, आणि पाऊस आला तर झाकायला प्लॅस्टिक. आज माझं काम एवढंच. जमलेले पैसे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत द्यायचेत, टाटाला उपचारांसाठी गावाकडून येणाऱ्या पेशंटांच्या राहण्याजेवणाला. ते ताईनं ठरवलं आणि का ठरवलं ते आम्हाला माहीत आहे. फेब्रुवारीतल्या त्या तीन आठवड्यांत तिथल्या फुटपाथवर जे बघितलं... ते राहू दे.

लिहितोच आहे तर खरं लिहितो. मला वाटलं होतं, दोन शब्द बोलायला मला बोलावतील. खिशात कागद होता. रात्री बसून लिहिला होता, चांगला झाला होता. एवढी वर्षं त्यांच्या शेजारी कोण बसलं? १ जून २०१८ला अंधेरीत भारत-चिनी तैपेई मॅचला कोण होतं? आपण ५-० जिंकलो आणि स्टेडियममध्ये माणसं होती २,५६९. दुसऱ्या दिवशी आपला कप्तान सुनील छेत्री, त्यानं तो व्हिडिओ टाकला, आम्हाला शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या, म्हणून. अख्खा देश हळहळला. दाजींचा मला फोन, "मेव्हण्या, २,५६९मधले दोघे तर आपण. उरलेले २,५६७ कोण, पत्ते काढायला पाहिजेत." ४ जूनला केनियाविरुद्ध छेत्रीची शंभरावी मॅच. स्टेडियम भरलेलं, वरून धो धो पाऊस. दाजी कुरकुरले. त्यांच्या नेहमीच्या जागेवर कोणीतरी कॉलेजची पोरं बसली होती. "शिव्या द्यायला आलेत का हे?" म्हणाले. आणि ओलं झालेलं ते घड्याळ शर्टाच्या आत, छातीला पुसत राहिले.

हे सगळं त्या कागदावर होतं. बोलले कोण? पाहुणे, पाहुण्यांबरोबर आलेले, आणि मंडळाचे दोघे. माझा कागद पावसानं भिजून खिशात लगदा झाला. निळी शाई पॅन्टीला लागली ती लागलीच.

मॅच बरी झाली. चाळीच्या वरचे विरुद्ध चाळीशीच्या वरचे, असं पोरांनीच नाव ठेवलं होतं. वरच्या मजल्यावरची पोरं आणि आमच्या वयाची बुजुर्ग मंडळी. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे हाफ. दोन्हीकडे तीन-तीन गोल. एक जण चिखलात असा बसला की त्याला उचलायला दोन्ही टीम आल्या. मी तेवढ्यात पाचशेच्या दोन पावत्या फाडल्या.

रेफ्री म्हणजे विशीतला पोरगा. त्याचा मला राग यायला हवा होता. पण तो फुकट आला होता. भाचीनं गाडीभाडं म्हणून पाकीट पुढे केलं, त्यानं हात जोडले आणि पेटीत स्वतःचे शंभर टाकले. मीच पावती केली. नाव विचारलं तर म्हणाला, "नको काका, गुप्तदान लिहा." आता असल्या पोराला काय म्हणायचं, की बाबा रे, तुझं मिनिट कमी भरलं?

पण दाजींनी सांगितलं असतं. पाकीट नाकारलं तरी सांगितलं असतं. त्यांचं रेफ्रींशी वैर कधीच नव्हतं. मॅच संपली की हात मिळवायचे, फक्त आधी घड्याळ दाखवायचे. मलाच जमलं नाही. हेच संध्याकाळपासून टोचतंय. भाषण मिळालं नाही त्याचं जाऊ दे, ते उद्यापर्यंत विसरेन. पण त्या अडतिसाव्या सेकंदाला, शिट्टी वाजली तेव्हा, माझ्या घशापर्यंत आलं होतं. "ओ रेफ्री." एवढंच म्हणायचं होतं. लोक हसले असते. कदाचित रडले असते. मी फोनवरचं लाल बटण दाबलं आणि व्हिडिओ नीट सेव्ह झाला का ते तपासत बसलो.

मघाशी एक करून बघितलं. दिवा घालवला, उभा राहिलो, डोळे मिटले, मनात दाजी. फोन मोजत होता. मला वाटलं झालं, चांगलं सव्वा मिनिट तरी झालं असेल, म्हणून डोळे उघडले. चौतीस.

म्हणजे त्या पोरापेक्षा चार कमी. पुन्हा केलं. या खेपेला एकेचाळीस, तेही मधे एकदा खांदा खाजवून. नुसतं उभं राहून साठ सेकंद किती लांब असतात, याचा हिशेब घड्याळ बघणाऱ्याला लागत नाही. त्या पोरासमोर तर दीडशे माणसं माना खाली घालून उभी होती आणि सगळ्यांचं घोडं त्याच्या एका शिट्टीवर अडलेलं. त्याच्या छातीत किती धडधडत असेल.

आणि दुसरं असं, की दाजींना स्वतःला शांतता कधी पाळता आली होती? त्यांच्या वडिलांच्या शोकसभेत ते बाविसाव्या सेकंदाला शेजाऱ्याला "मॅच किती वाजता?" विचारताना मी ऐकलंय. राष्ट्रगीत सोडलं तर त्या माणसाला गप्प ठेवणारं काही जन्मलं नव्हतं. त्यांच्या नावानं अडतीस सेकंद गर्दी गप्प राहिली, हीच इंज्युरी टाइमसकट भरपूर झाली. कतारच्या वर्ल्डकपमध्ये, २०२२ला, इंग्लंड-इराण मॅचला दोन्ही हाफ मिळून सत्तावीस मिनिटं जास्त खेळवली, तेव्हा रात्री त्यांचा फोन आला होता. पहिलं वाक्य, "मेव्हण्या, न्याय झाला." दुसरं, "पण फार बोअर झालं रे."

इथवर लिहून वही मिटणार होतो, तेवढ्यात ताईचा फोन. एवढ्या रात्री तिचा फोन आला की अजून पोटात गोळा येतो. फेब्रुवारीची सवय.

"झोपला नाहीस?"

"नाही गं. काय झालं?"

"काही नाही. तो शिट्टीवाला मुलगा. त्यानं लवकर वाजवली ना रे?"

मी काही बोललो नाही.

"मी मनात मोजत होते. पन्नासच्या आतच होते मी."

"अडतीस," मी म्हणालो. "व्हिडिओत आहे."

"मग मी भरभर मोजलं." थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज, तिच्याकडचा. "मग ओरडला का नाहीस?"

"तू का नाही ओरडलीस?"

"मला कुठे सवय आहे? मी जन्मभर दारातच उभी." मग एकदम, "आणि फोटोपुढचं घड्याळ कुणी उचललं? मी शोधतेय केव्हाची. हाराबरोबर गेलं की काय?"

माझ्याकडेच होतं. टेबल आवरताना खिशात टाकलं, त्या भिजलेल्या कागदाच्या खिशात. तिला सांगितलं.

"मग असू दे तुझ्याकडेच. सेल घालून घे. पण ती चावी ओढायची खोड लावून घेऊ नकोस हं. तुझी बायको माझ्यासारखी नाही."

फोन ठेवला. घड्याळ आता समोर आहे. काचेच्या कडेला शाईचा निळा डाग पडलाय, तो थुंकी लावूनही जात नाही. मागचं झाकण नखानं उघडत नाही. सकाळी स्टेशनबाहेरच्या घड्याळवाल्याकडे न्यायला हवं, आणि जाता जाता मंडपवाल्याचे दोन हंडेही परत करायचे आहेत.