न ऐकू येणारा फरक डोळ्यांना दिसला

आज इंग्रजीच्या तासाला उच्चारांचे नियम फळ्यावर लिहिण्याऐवजी मी संगणकावर ‘प्रात’ ही प्रणाली उघडली. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बोअर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेली ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि बोललेल्या शब्दाचा आलेख पडद्यावर उमटवते.

‘पिन’ आणि ‘स्पिन’ या शब्दांतला ‘प’ सारखा नसतो, हे मी वर्षानुवर्षे सांगत आले आहे. पण जो फरक कानालाच जाणवत नाही, तो नुसत्या सांगण्याने कसा कळावा? आज एका विद्यार्थिनीने ‘पिन’ म्हटले आणि तिच्या आलेखाखाली मी नमुन्याच्या ध्वनिमुद्रणाचा आलेख लावला. ओठ उघडल्यापासून स्वर सुरू होईपर्यंतची, श्वासाच्या बारीक खरखरीने भरलेली सुमारे 60 मिलिसेकंदांची पट्टी नमुन्यात स्पष्ट दिसत होती आणि तिच्या आलेखात जवळजवळ नव्हतीच. तिने काही न विचारता पुन्हा ध्वनिमुद्रण केले, मग पुन्हा केले, आणि सहाव्या खेपेस ती पट्टी उमटली. (सगळ्यांच्या देखत तोच शब्द सहा वेळा म्हणायला ती धजावली नसती; हेडफोन लावून मात्र ती रमून गेली होती.)

उच्चाराला नुसते गुण देणारी ॲप्स मला म्हणूनच अपुरी वाटतात, कारण चूक नेमकी कुठे झाली हे त्या आकड्यावरून कळत नाही. उद्या ‘शिप’ आणि ‘शीप’मधले स्वर आम्ही असेच पडद्यावर पाहणार आहोत.