उसळीचा आकडा मिळेपर्यंत

तीन आठवडे थांबल्यावर प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला आणि त्यावर शेरा होता ‘पास’. माझा प्रश्न साधा होता: धावण्याच्या बुटाच्या तळातला फोम पाऊल टेकताना जी ऊर्जा घेतो, त्यातली किती परत देतो, म्हणजे त्याची उसळी किती? उत्तर मिळालं कडकपणाचं, झिजेचं आणि चिकटवलेला सोल किती जोराने सुटतो याचं. या तिन्ही चाचण्या बुटाला लागतातच, पण उसळीबद्दल त्या काही सांगत नाहीत. स्वतः बूट बनवू पाहणाऱ्याचे महिने इथेच जातात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

त्याआधीचं काम फार अडलं नाही. ईव्हीए या बुटांच्या तळात नेहमी वापरल्या जाणाऱ्या फोमच्या २५ मिलिमीटर शीट मुंबईत सहज मिळतात. चेंबूरच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत फर्म्यापासून (पावलाच्या आकाराचा साचा) सोल घासण्यापर्यंत सगळं करून देणारे कारागीर आहेत. मण्यांचा टीपीयू (फुगवलेले मणी जोडून केलेला फोम) आणि पेबा (स्पर्धेच्या बुटांतला हलका फोम) यांच्यासाठी मात्र शोधाशोध करावी लागते, आणि तुकडा मिळाला तरी तो कुठल्या घनतेचा आहे हे विक्रेत्याला सांगता येत नाही. मोजमाप काढून वजन करा आणि घनता स्वतः काढा.

आता अडलेली जागा. फॉर्मवर ‘मानक क्रमांक’ असा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय खिडकीवर नमुना घेत नव्हते. त्या पहिल्या रिपोर्टनंतर तिथे आयएसओ ८३०७ लिहिलं, म्हणजे फोमची उसळी मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानक. त्यात १६ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी ५०० मिलिमीटरवरून फोमवर टाकतात आणि ती किती वर उसळते ते बघतात. आकडा मिळाला, पण तो बुटाचा आकडा नव्हे. गोळी हलकी असते, जेमतेम वरचा थर दाबते आणि क्षणार्धात सुटते. धावताना वजनाच्या अडीचपट भार येतो आणि फोम निम्म्यापर्यंत दबू शकतो. तिथे फोम वेगळा वागतो.

मग दुसरीकडे, एका कॉलेजच्या यंत्रावर दाबून पाहिलं. त्या यंत्राचा सर्वांत जास्त वेग मिनिटाला ५०० मिलिमीटर. म्हणजे १२ मिलिमीटर दाबायला जवळजवळ दीड सेकंद. धावताना तेवढंच दाबणं एका सेकंदाच्या दहाव्या भागात होतं. फोमचं वागणं वेगावर अवलंबून असतं, त्यामुळे हळू दाबून मिळालेली टक्केवारी धावण्याला लागू करता येत नाही. शिवाय रिपोर्टवर फक्त कमाल भार छापून आला. आलेख मागितला तर ‘फॉर्ममध्ये तो पर्याय नाही’ असं उत्तर मिळालं. हे ऐकून खरंच संताप झाला, कारण यंत्राने आलेख काढलेला होता, फक्त तो द्यायचा नव्हता.

म्हणून पैसे भरण्याआधीच लेखी मागणी करा: ‘भार किती आणि फोम किती मिलिमीटर दबला यांच्या कच्च्या नोंदींची फाइल हवी, चढता आणि उतरता दोन्ही भाग.’ भार चढताना वक्राखाली जे क्षेत्रफळ येतं ती घेतलेली ऊर्जा आणि उतरताना येतं ती परत दिलेली. दुसरीला पहिलीने भागलं की टक्केवारी मिळते, दोन्हींमधली फट म्हणजे उष्णतेत गेलेली ऊर्जा. फाइल हातात असेल तर हे घरच्या संगणकावर दहा मिनिटांत होतं.

तिसऱ्या खेपेला रबराचे भाग तपासणारी प्रयोगशाळा सापडली, तिथे वेगाने दाबून सोडणारं यंत्र होतं. इथे पहिली चूक माझीच झाली. ७० किलोच्या माणसाचा अडीचपट भार म्हणून मी १७०० न्यूटन लिहून दिले आणि नमुना होता ५० मिलिमीटर व्यासाची चकती. चकतीचं क्षेत्रफळ जेमतेम २० चौरस सेंटिमीटर, तर चवड्याचं टेकणारं क्षेत्र मी ६५ धरलं होतं. म्हणजे चकतीवर तिप्पट दाब पडला, फोमच्या पेशी पूर्ण मिटल्या आणि आकडे निरुपयोगी ठरले. हिशेब करून भार ५१० न्यूटन केला. वेळही ठरवून द्या. टेकण्यापासून उचलण्यापर्यंत पाव सेकंद धरला तर सेकंदाला दाबून सोडण्याची ४ आवर्तनं होतात. कोलोराडो विद्यापीठाचा २०१८चा शोधनिबंध याच कामात आधार ठरतो: त्यात सुमारे २००० न्यूटन भाराला तीन बुटांनी परत दिलेली ऊर्जा ६५.५, ७५.९ आणि ८७ टक्के भरली होती. आपला आकडा याच्या आसपास कुठेच बसत नसेल तर आधी चाचणीवर शंका घ्या, फोमवर नंतर.

सुरुवातीची शंभरेक आवर्तनं मोजू नका, नवा फोम आधी थोडा सैल पडतो. नमुने आदल्या दिवशी २३ अंशांच्या खोलीत ठेवायला सांगा. मे महिन्यात गाडीतून आणलेली ईव्हीएची चकती थेट यंत्रावर ठेवली तर ती मऊ लागते. आणि एकाच शीटमधून पाच चकत्या द्या, कडेची आणि मधली वेगवेगळी वागते.

पहिली खरी फाइल उघडली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. ईव्हीए साठीच्या घरात, मण्यांचा टीपीयू सत्तरीच्या वर. पण एवढ्यावर फोम निवडू नका. ८० टक्के परत देणारा कडक फोम पावलागणिक ४ जूलच घेत असेल तर हाती ३.२ येतात. ७० टक्क्यांचा मऊ फोम ८ घेत असेल तर ५.६ येतात. फोम किती घेतो हे टक्केवारीइतकंच महत्त्वाचं. मऊपणाची किंमतही असते: जाडी वाढवून तळ अरुंद ठेवला तर घोटा कलंडतो. मी तळ अप्परपेक्षा (पाऊल झाकणारा वरचा भाग) दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटर रुंद ठेवला.

हे सगळं पायाला धरून हवं, कारण पाऊल स्वतःच स्प्रिंग आहे. १९८७मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या केर आणि सहकाऱ्यांच्या मोजणीनुसार धावताना एका पावलात कमान सुमारे १७ जूल आणि टाचेमागची मोठी कंडरा (अकिलीस) सुमारे ३५ जूल साठवते. अंगठा वर वळला की तळव्याचा पडदा ताणला जाऊन कमान उचलते, हे संशोधक हिक्स यांनी १९५४मध्येच दाखवलं होतं. बुटाने अंगठाच वळू दिला नाही तर फोमने दिलेले चार-पाच जूल घेऊन करायचं काय? म्हणून रोजच्या वापराच्या बुटात मी तळ ताठ करणारी कार्बनची पट्टी घालत नाही. स्पर्धेच्या बुटाचं गणित वेगळं.

बूट वाकण्याची रेषा तिरकी असते. टाचेपासून मोजलं तर अंगठ्यामागचं हाड पावलाच्या लांबीच्या सुमारे ७२ टक्क्यांवर, करंगळीमागचं सुमारे ६३ टक्क्यांवर. बूट वाकावा म्हणून मिडसोलला (मधला फोमचा थर) घ्यायच्या खाचा या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेवर घ्या. सरळ आडव्या घेतल्या तर करंगळीकडे बूट चुकीच्या जागी मोडतो. खाचेचा तळ गोल ठेवा. टोकदार ठेवला तर तिथूनच चीर सुरू होते. खाचेवरून रबराचा आउटसोल (जमिनीला टेकणारा थर) सलग नेला तर खाच असून नसल्यासारखी. सोल्यूशनचा जाड थरही वाकणं अडवतो. पातळ दोन हात द्या आणि पहिला पूर्ण सुकू द्या. ईव्हीएला आधी प्रायमर लागतो, नाहीतर महिनाभरात कड सुटते. आणि आत पुठ्ठ्याचा तळ घालू नका, कापडी तळ अप्परला शिवून घेणारी स्ट्रोबेल शिलाई मागा. कारागीर पुठ्ठाच सुचवतील, कारण त्यावर अप्पर ओढणं सोपं जातं.

पावलाचं माप राहिलंच. ते संध्याकाळी, दोन्ही पायांवर उभं राहून घ्या. बसून घेतलेलं माप कमी भरतं, कारण वजन पडल्यावर कमान खाली येते आणि चवडा पसरतो. पुढे १० ते १२ मिलिमीटर जागा सोडा. तयार फर्मा अंगठ्याकडे निमुळता असेल तर त्या बाजूला चामड्याचे तुकडे चिकटवून, घासून भर द्या. नवा फर्मा घडवून घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि चूक झाली तर तुकडा काढता येतो.