सोळा फूट गाणं

नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारची गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजले होते. खुर्च्या घडी करून भिंतीला लावून झाल्या होत्या, कॉफीच्या मोठ्या भांड्यात तळाला कप-दीड कप उरली होती आणि मी बुटाच्या खोक्यातल्या नोटा तिसऱ्यांदा मोजत होते. दारावर ६८ माणसं, प्रत्येकी १५ डॉलर, म्हणजे १,०२०. खाण्यापिण्याचे २१४. मध्यंतरात फिरवलेल्या टोपलीत ३७८. सगळे मिळून १,६१२ डॉलर.

मिस्त्रींनी माझ्या खांद्यावरून कागदाकडे पाहिलं आणि म्हणाले, "सोळा फूट."

मिस्त्री हे त्यांचं नाव नव्हे. सत्तरी ओलांडलेले निवृत्त सुतार आहेत. तोंडावर मी त्यांना सरळ नावानंच हाक मारते, इथे तशीच रीत आहे. मनातल्या मनात मात्र ते मिस्त्रीच. कुठल्याही घरात शिरले की बोलायच्या आधी चौकटीवर बोटाच्या पेरानं टकटक करून बघतात. आमच्या मिरजेच्या घराची माळवदं उतरवायला आलेले मिस्त्री अगदी तस्सेच करायचे.

तर हिशेब असा. आमच्या गाण्याच्या कार्यक्रमाचे पैसे गावातल्या गरजू लोकांची घरं दुरुस्त करायला जातात. लाकूड, बोल्ट, काँक्रीट, कठडा सगळं धरून चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार आम्हाला फुटामागे साधारण १०० डॉलरला पडतो. मजुरी शून्य, कारण मजूर आम्हीच. त्यामुळे कार्यक्रम कसा झाला हे आमच्याकडे टाळ्यांवरून नाही, फुटांवरून सांगतात. आईला फोनवर हे सगळं समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे वर्गणीच की गं. फक्त गणपतीऐवजी जिना."

जिना नाही, जिन्याच्या जागी उतार. पण ते असो.

मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनच्या पश्चिमेला गाडीनं तासाभरावर आमचं गाव आहे. इथे 'कॉफीहाउस' म्हटलं की कॉफीचं दुकान डोळ्यांसमोर आणू नका. महिन्यातून एक शनिवार चर्चच्या तळघरात गिटार, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बँजो घेऊन माणसं जमतात आणि गाणं होतं, त्याला कॉफीहाउस म्हणतात. शब्द जुना आहे. १९५८ मध्ये बॉस्टनशेजारच्या केंब्रिजला क्लब ४७ नावाची जागा सुरू झाली. पुढे खूप गाजलेल्या लोकगायिका जोन बाएझ अगदी कोवळ्या वयात तिथे गायच्या. ती जागा पुढे पासिम या नावानं चालू राहिली, आजही आहे. न्यूयॉर्क राज्यात साराटोगा स्प्रिंग्जचं कॅफे लेना १९६० चं, तेही चालू आहे. दारू नाही, कॉफी आहे, आणि गाणं चालू असताना कोणी बोलत नाही, हा या जागांचा तेव्हाचा शिरस्ता. गावोगावच्या चर्चांनी तोच उचलला. तळघर फुकट, पियानो आधीपासून पडलेला, स्वयंपाकघर तयार आणि गाड्या लावायला जागा. आणखी काय लागतं?

पहिला तास नावं लिहून दिलेल्या हौशी लोकांचा, प्रत्येकाला दोन गाणी. त्यानंतर त्या दिवसाचे मुख्य कलाकार. गेल्या वर्षी माझी नागपूरची मैत्रीण एक अभंग म्हणायला उभी राहिली. साथीला आपणहून एक गिटारवाले आजोबा आले आणि त्यांनी पट्टी विचारली. ती म्हणाली, "काळी दोन." आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "डी शार्प." त्यांनी खिशातून कॅपो, म्हणजे तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, काढला, पहिल्या पडद्यावर चिमटवला आणि डीच्या बोटांनी खुशाल वाजवायला लागले. दुसऱ्या कडव्यापर्यंत त्यांना ठेका सापडला होता. तिसऱ्यात मैत्रीणच हरवली.

मुख्य कलाकारांनाही मानधन नाही. हे मला सुरुवातीला फार खटकायचं. दोन तास गाडी चालवून यायचं, गळा फोडायचा आणि बदल्यात काय, तर सफरचंदाच्या 'पाय' नावाच्या गोड पदार्थाचा तुकडा! मग हिशेबाचं काम माझ्याकडे आलं आणि कळलं की यामागे कायदाही आहे. इथे दुसऱ्याचं गाणं जाहीरपणे गायचं तर परवान्याचे पैसे भरावे लागतात. पण गाणाऱ्याला किंवा आयोजकाला त्याचा मोबदला नसेल, आणि खर्च वजा जाता तिकिटाचा सगळा पैसा निव्वळ धर्मादाय कामाला जात असेल, तर कॉपीराइटच्या कायद्यातच सूट आहे. एका कलाकाराला 'पेट्रोलपुरते' म्हणून पाकीट द्यायचा माझा बेत होता, तो या कलमामुळे बारगळला. तेव्हा मला मिरजेचा दर्गा आठवला. उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तिथे गवई येतात, त्याला कोणी कार्यक्रम म्हणत नाही, 'हजेरी लावली' म्हणतात. तेव्हापासून त्या 'पाय'च्या तुकड्याबद्दल माझी तक्रार नाही.

खाण्याच्या टेबलावर माझा चिवडा असतो. पहिल्या खेपेला मी अख्खा डबा परत गाडीत नेऊन ठेवला होता, कारण स्वयंपाकघराच्या दारावर ठळक अक्षरांत लिहिलंय, ॲलर्जीमुळे शेंगदाणे आणू नयेत. दाण्यांशिवाय चिवडा म्हणजे काय हे सासूबाईंना विचारायची माझी हिंमत झाली नाही. आता पातळ पोहे, जरा जास्तच डाळं, खोबऱ्याचे काप, मनुका. कागदी कप दोन डॉलरला. कढीपत्ता खायचा की काढायचा, हे मात्र दर महिन्याला कोणीतरी विचारतंच.

आता घरांबद्दल. इथे घर स्वतःचं असलेला माणूस गरीब कसा, हा प्रश्न मलाही पडायचा. लाकडी घरं, साठ-सत्तर-शंभर वर्षांची. कर्ज फिटलेलं असतं, पण नवरा-बायको ऐंशीला टेकलेले, हातात फक्त पेन्शन आणि मालमत्ता कर दरवर्षी वर. छपराच्या कडेला बर्फ साठतं, वितळलेलं पाणी मागे चढून कौलाखाली शिरतं आणि आतल्या भिंतीला ओल येते. सरकार मदत करत नाही असंही नाही. कमी उत्पन्नाच्या घरांना थंडी-वाऱ्यापासून बंदिस्त करून द्यायची योजना १९७६ पासून देशभर आहे आणि घरमालकाला ती फुकट असते. गंमत अशी की छप्पर गळत असेल किंवा भिंतीत चिनी मातीच्या खुंट्यांवरून नेलेली शंभर वर्षांपूर्वीची वायरिंग असेल, तर योजनेचे लोक काम पुढे ढकलतात. आधी दुरुस्त करा, मग या. ओल्या माळ्यावर ऊब धरणारं कापसासारखं अस्तर भरून उपयोग नाही, हे बरोबरच आहे. पण मग हजार-दोन हजारांच्या दुरुस्तीपायी कित्येक हजारांची मदत दाराशी येऊन परत जाते. आमच्या तळघरातल्या गाण्याचा पैसा नेमका या फटीत बसतो. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच. देशभर घरदुरुस्ती करणाऱ्या 'रिबिल्डिंग टुगेदर'ची सुरुवातही १९७३ मध्ये टेक्सासच्या मिडलंड गावात शेजाऱ्यांची घरं दुरुस्त करण्यापासूनच झाली. आम्ही त्यांच्यातले नाही, आमचा पसारा फार लहान. पण श्रमदान तेच.

नोव्हेंबरचे सोळा फूट ज्यांच्यासाठी होते, ते आजोबा ओढ्यापलीकडच्या पिवळ्या घरात राहतात. आजींना पक्षाघात झाल्यापासून त्या चाकाच्या खुर्चीत. दाराला चार पायऱ्या. दवाखान्यात न्यायचं तर दोन माणसं बोलवायची, खुर्ची उचलायची, आणि आजी डोळे मिटून घ्यायच्या. आजोबांना अर्ज भरायला लावण्यात आमचे तीन महिने गेले. "माझ्यापेक्षा गरजू कोणीतरी असेल की," हे वाक्य आम्ही घरोघरी ऐकतो. शेवटी मिस्त्रींनी अर्जाचं नावही काढलं नाही. टेप काढून पायऱ्या मोजल्या आणि आजोबांना टेपचं दुसरं टोक धरायला दिलं.

चार पायऱ्या, उंची २८ इंच. नियम एकास बाराचा, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. म्हणजे २८ फूट. अंगणात सरळ रेषेत मावेना, म्हणून मध्ये पाच फुटी चौकोनी ओटा आणि तिथून काटकोनात वळण. ओट्याचं लाकूड एका वखारवाल्यानं खरेदीच्या भावात दिलं. तरी बारा फूट कमीच.

फेब्रुवारीचा कार्यक्रम बर्फाच्या वादळात गेला. चिवडा आम्ही घरीच आठवडाभर खाल्ला. मार्चमध्ये तेरा फूट जमले. त्यात एका दहा वर्षांच्या मुलीच्या फिडलचा वाटा मोठा, कारण तिचं अख्खं खानदान तिकीट काढून आलं होतं. पैसे जमले तरी जमीन गोठलेली होती. मग गावच्या कचेरीची बांधकाम-परवानगी. तिच्यासाठी नकाशा दोनदा परत आला, एकदा कठड्याची उंची नीट दिसत नाही म्हणून, दुसऱ्यांदा का ते त्या कचेरीतल्या कोणालाच सांगता आलं नाही.

खांबांचे खड्डे चार फूट खोल हवेत. इथे हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते, फुगते आणि उथळ खांब वर ढकलून देते. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आम्ही नऊ जण खणायला गेलो. माझ्या वाट्याला दाराजवळचा तिसरा खड्डा. दीड फुटावर ठण्ण. दगड. पहारीनं कडा शोधत बसले, तर कडाच संपेनात. इथले शेतकरी म्हणतात, या मातीत दगडच पिकतात. अडीच तासांनी तो बाहेर आला, कलिंगडाएवढा. तोपर्यंत माझ्या डाव्या तळव्याला दोन फोड आले होते. आजोबा खिडकीतून बघत होते. थोड्या वेळानं ते बाहेर आले, दगडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "याला मी ओळखतो. १९७१ मध्ये याच्याचमुळे मी इथे कुंपण घातलं नव्हतं."

हे आधी सांगायला काय झालं होतं, असं मी म्हणाले नाही. मराठीत पुटपुटले.

मग पुठ्ठ्याची नळकांडी उभी करून काँक्रीट ओतलं, आठवड्यानं सांगाडा, त्याच्या पुढच्या आठवड्यात फळ्या. फळ्यांमध्ये पाणी जायला फट ठेवायची, म्हणून मिस्त्रींनी प्रत्येकाच्या हातात एकेक जाड खिळा दिला होता. दोन फळ्यांमध्ये खिळा अडकवायचा, फळी ठोकायची, खिळा काढायचा. दुपारी चारला शेवटची फळी बसली आणि चुरा झाडायच्या आतच आजी दारात आल्या.

आम्हाला वाटलं, आजोबा ढकलतील. त्यांनी हात लावला नाही. आजी उजव्या हातानं कठडा धरून हळूहळू उतरल्या, ओट्यावर थांबल्या, वळल्या आणि सरळ फाटकाजवळच्या टपालपेटीपाशी गेल्या. पेटी उघडली, टपाल मांडीवर घेतलं, जाहिरातींचे कागद वेगळे काढून मिस्त्रींच्या हातात दिले आणि विजेचं बिल उघडून वाचत बसल्या.