कीहोल खाचा: शेल्फच्या पाठपट्टीचं काम कुठवर आलं

पाठपट्टी सॉलिड लाकडाची. 600 मिमी लांब, 90 रुंद, 20 जाड. मागच्या बाजूला दोन कीहोल खाचा (गोल भोकातून भिंतीतल्या स्क्रूचं डोकं आत घ्यायचं आणि अरुंद खाचेत सरकवून अडकवायचं), त्यांच्या मध्यांत 400 मिमी अंतर. जिग (राउटर, म्हणजे फिरत्या बिटने लाकूड कोरणारं यंत्र, ठरल्या वाटेने नेणारा साचा) तयार आहे, टाकाऊ तुकड्यांवर चाचण्या झाल्या, पट्टीवरच्या दोन्ही खाचाही पडल्या. भिंतीवर चढवणं तेवढं राहिलंय.

कीहोल बिटची मापं आधी, कारण बाकी सगळं त्यावरून ठरतं. डोकं 9.5 मिमी व्यासाचं आणि 4.5 उंच, मान 4.8 मिमी, शँक (राउटरमध्ये धरायची दांडी) पाव इंची. स्क्रू 8 नंबरचा, पॅन हेड. त्याची दांडी 4.2 मिमी, डोकं 8 मिमी रुंद आणि साधारण 3 उंच. म्हणजे डोकं आत आरामात फिरतं आणि दांडीला खाचेत जेमतेम 0.6 मिमी मोकळीक मिळते. काउंटरसंक स्क्रू इथे नकोच. त्याचं तिरकं डोकं खाचेच्या कडांत पाचरीसारखं घुसतं आणि वजन आलं की कडा चेपत जातात. पॅन हेडची खालची बाजू सपाट असते, ती ओठाच्या आतल्या अंगाला नीट टेकते.

ओठ म्हणजे मानेच्या दोन्ही बाजूंना उरणारं लाकूड. तो आत फक्त 2.35 मिमी पुढे येतो (9.5 वजा 4.8, भागिले दोन). शेल्फ भिंतीपासून सुटू न देण्याचं काम एवढ्याशा पट्टीवर असतं, म्हणून खोली ओठ धरून ठरवायची. इथे ओठ 5 मिमी जाड, त्याखाली डोक्याची जागा 4.5, एकूण 9.5. खाचेच्या तळापलीकडे 10.5 मिमी लाकूड शिल्लक. 3 मिमी ओठावर केलेली चाचणी स्क्रू ओढताच तुटली. 12 मिमी प्लायमध्ये ही खाच पाडू नये, तिथे खाच असलेली धातूची पट्टी बसवलेली बरी.

तंतूंची दिशाही इथे महत्त्वाची. पट्टीत तंतू आडवे आहेत आणि खाच उभी, त्यामुळे ओठ तंतूंच्या लांबीत पुढे येतो आणि मजबूत राहतो. उभ्या तंतूंच्या लाकडात उभी खाच घेतली तर तोच ओठ तंतूंच्या रेषेत चिरतो. आडव्या तंतूंची अडचण वेगळी आहे: वजन खाचेच्या वरच्या टोकावर येतं आणि वरचं लाकूड फाटू शकतं. म्हणून वरच्या टोकाचा मध्य कडेपासून 30 मिमी खाली ठेवलाय. प्रवेशाचं भोक त्याखाली 18 मिमीवर.

दिशा उलटी होण्याची चूक सर्रास होते. भोक खाली, खाच वर. तुकडा पालथा असताना डोकं गोंधळतं, म्हणून पट्टीच्या मागे पेन्सिलीने वरच्या कडेकडे बाण काढून ठेवावा.

जिग 6 मिमी एमडीएफची. गाइड बुश (राउटरच्या तळाला बसणारी, बिटभोवतीची नळी) बाहेरून 16 मिमी, आतून 11 पेक्षा जास्त, नाहीतर बिटचं डोकं त्यातून मोकळेपणाने जाणार नाही. बुशचा गळा (जिगच्या खिडकीत उतरणारा भाग) 6 मिमीपेक्षा आखूड हवा. जिगमधल्या खिडकीची लांबी म्हणजे बुशचा व्यास अधिक प्रवास: 16 अधिक 18, म्हणजे 34. रुंदी 16.1. जाड जिग टाळली, कारण कीहोल बिटं आखूड असतात. खोली गाठायला शँक कॉलेटमधून (राउटरच्या पकडीतून) बाहेर ओढायचा मोह होतो, आणि कॉलेटमध्ये शँक तीन चतुर्थांश तरी आत नसेल तर बिट सरकून खोली वाढते.

हे बिट टप्प्याटप्प्याने खोल नेता येत नाही. पहिला फेरा उथळ घेतला तर डोकं वरचा भाग 9.5 रुंद कापून टाकतं आणि ओठच राहत नाही. पूर्ण खोली एकदमच घ्यावी लागते, म्हणून भार आधी कमी करायचा. त्याच जिगमधून 4 मिमीच्या सरळ बिटने तीन टप्प्यांत 9 मिमी खोल नाली काढली. भोक 10 मिमी फोर्स्टनरने (सपाट तळाचं भोक पाडणाऱ्या बिटने), 9 मिमीपर्यंत. त्याचं मधलं टोक आणखी खोल जातं हे पातळ लाकडात विसरू नये. त्यानंतर कीहोल बिटला फक्त आतल्या बाजू कापायच्या उरतात.

नाली न काढता केलेल्या चाचणीत खाच आतून काळी पडली. वरून झाकलेली असल्याने भुशाला बाहेर पडायला वाट नसते, तो आतच घासला जातो आणि जळतो. नाली काढूनही 8-10 मिमी पुढे, थोडं मागे, पुन्हा पुढे, असंच जावं. व्हॅक्यूम चालू ठेवावा. बिट छोटं असल्याने वेग मिनिटाला 18,000 ते 20,000 फेरे. बाजूला दाब देऊ नये, मान बारीक असते.

जिगऐवजी फेन्सवर (राउटर टेकवून सरळ नेण्याच्या पट्टीवर) काम करणाऱ्यांसाठी: राउटर पुढे ढकलताना तो डावीकडे ओढ घेतो, म्हणून फेन्स डाव्या हाताला. परत येताना तो भरकटला तर खाच रुंदावते आणि ओठ कमी होतो. बुश दोन्ही बाजूंनी अडकलेला असतो, म्हणून जिग जास्त पसंत. परत भोकापाशी यायचं, राउटर बंद करायचा, बिट पूर्ण थांबल्यावरच वर उचलायचं. अर्ध्या खाचेत उचललं की ओठ गेलाच.

दोन्ही खाचा वरच्या कडेवरूनच मोजल्या. खालच्या कडेचा विश्वास नाही, पट्टी समांतर असेलच असं नाही. आडव्या अंतरात अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. आला तर एका खाचेचं वरचं टोक दोन्ही बाजूंना 3-3 मिमी आडवं वाढवून टी आकार द्यावा, त्याच कीहोल बिटने.

भिंतीसाठी पाठीवर मास्किंग टेप आडवी लावून खाचांच्या वरच्या टोकांचे मध्य तिच्यावर उतरवले आहेत, भोकांचे नव्हेत. हीच टेप लेव्हल लावून भिंतीवर चिकटवायची आणि खुणांवर प्लगची भोकं पाडायची. स्क्रूच्या डोक्याखाली 5.5 मिमी अंतर सोडायचं: ओठाचे 5 आणि सरकायला अर्धा. त्यासाठी 5.5 मिमीचा एक तुकडा कापून ठेवलाय, तो डोक्याखाली घालून अडेपर्यंत पिळायचं. पट्टी चढवताना 18 मिमी वर धरून खाली सरकवावी लागते, तेवढी जागा वर मोकळी हवी.