आज आत्याचं ऑपरेशन झालं

लघवी करताना धडधड, दरदरून घाम आणि डोकं फुटेल असं दुखणं. सगळे आत्याला म्हणायचे, टेन्शन घेतेस! निघाली मूत्राशयातली पॅरागँग्लिओमाची गाठ. फारच दुर्मिळ. ही गाठ अ‍ॅड्रिनॅलिनच्या जातीची संप्रेरकं सोडते, मूत्राशय आवळलं की बीपी एकदम चढतं. म्हणून आधी दहा-पंधरा दिवस रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या अल्फा ब्लॉकरच्या गोळ्या, आणि सैल झालेल्या वाहिन्या भरलेल्या राहाव्यात म्हणून भरपूर पाणी, जेवणात मीठही जास्त (बीपीच्या पेशंटला!). मग आज दुर्बिणीतून गाठीपुरताच मूत्राशयाचा भाग काढला. गाठीला हात लागताच बीपी उसळतं, ते सांभाळणाऱ्या भूलतज्ज्ञ मॅडमचे आभार मानावे तेवढे थोडेच. पोटावर फक्त छोट्या पट्ट्या आहेत. कॅथेटर (लघवीची नळी) काही दिवस राहील, बायॉप्सीचा रिपोर्ट यायचाय. भेटायला येणाऱ्यांनी आधी मला फोन करा.