शंभरातले किती ताटात पडतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बेळगाव-खानापूरकडच्या वीटभट्ट्यांवरच्या पोरांना आम्ही रोज संध्याकाळी आमटी-भात देतो. हळदीकुंकवाला गेले तरी प्रश्न एकच: शंभर रुपये दिले तर ताटात किती पडतात?

साठ. बाकीचे चाळीस गॅस, टेम्पोचं डिझेल, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार आणि ऑडिटला जातात. 80जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती तुम्हालाच हवी असते ना? त्यासाठी दरवर्षी देणगीदारांचं विवरण भरावं लागतं, आणि ते फुकट कुणी भरून देत नाही.

शाळेत अक्षर दासोहचं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या योजनेतलं, जेवण असतं की, असंही म्हणतात. असतं, दुपारी, पटावर नाव असलेल्यांना. भट्टीबरोबर गाव बदलणाऱ्या पोरांचं नाव कुठल्या पटावर शोधू?

पण चूक माझीही आहे. पहिल्या वर्षी मीच पत्रकावर छापलं, ‘शंभर टक्के पैसा मुलांच्या ताटात’. वरचा खर्च तेव्हा माझ्या शिकवण्यांतून निघत होता. पुढं शिकवण्या कमी झाल्या, ते वाक्य मात्र तसंच राहिलं.

मग तो जानेवारी. एका देणगीदारांनी मोठी रक्कम दिली, अट घालून: फक्त धान्यासाठी. मी आनंदानं सही केली. बारा पोती तांदूळ आला, तीन पोती तूरडाळ. मावशींचा तीन महिन्यांचा पगार थकला होता. त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. सोमवारी आल्या नाहीत, एवढंच; लग्नाच्या स्वयंपाकाला गेल्या होत्या. शेवटचा सिलिंडरही आदल्या दिवशीच संपलेला. सांगायला मी स्कूटरवरून भट्टीवर गेले, तर पोरं ओळीनं बसलेली. एका पोरीनं विटांची धूळ बसू नये म्हणून ताट पालथं घातलं होतं. मला बघून तिनं ते सरळ केलं.

“आज नाही गं,” म्हणाले. ती म्हणाली, “मग उद्या?”

नऊ दिवस चूल पेटली नाही. बिस्किटांचे पुडे वाटले. खोलीत तांदूळ छतापर्यंत रचलेला. अटीचे पैसे दुसरीकडे वळवायचे नसतात, मी वळवले नाहीत. बरोबर केलं का? तेव्हा ठामपणे हो म्हणाले असते. पण ती सही करताना गॅसचा विचारही मनात आला नाही, त्याचं काय?

आता पाच तारखेला आधी मावशींचा पगार, मग किराणा. त्यापायी मे महिन्यात आमटी पातळ झाली. पोरांनी ती ओळखली.

यंदाच्या पत्रकात साठ-चाळीस लिहून दिलंय. छापखान्यातून प्रूफ येऊन आठवडा झाला. अजून माझ्याच टेबलावर आहे.